पाणबुड्याची दोरी

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझी नात अंदमानास निघाली होती. समुद्रांत बुडी मारण्याचें शिक्षण तिनें तारकर्लीस घेतलें होतें. आतां तिला प्रवाळांच्या बेटांभोंवतीं उतरावयाचें होतें. निघण्याच्या आदल्या रात्रीं तिनें आपली पिशवी माझ्यापुढें उघडली. पाण्यांतील चष्मा, पायांत घालावयाचे रबरी पंख, हें सर्व मला चित्रांवरून ठाऊक होतें. परंतु एका लहान कप्प्यांत आणखी चार वस्तू होत्या : एक शिट्टी, तळहाताएवढा एक आरसा, नारिंगी रंगाची गुंडाळून ठेवलेली एक लांब पिशवी आणि एक चिमुकला दिवा.

“हें खेळण्याचें सामान कशाला?” असें मीं विचारलें.

“वर आल्यावर होडी दिसली नाहीं तर,” असें ती म्हणाली.

ज्याचें सारें आयुष्य इतिहास शिकविण्यांत गेलें, त्याला एवढ्या उत्तरानें झोंप कशी यावी? ह्या वस्तू आल्या कोठून, आणि पाणबुड्याला त्या लागूं लागल्या केव्हांपासून, याचा मीं पुढें शोध घेतला. त्यांतून जें हातीं लागलें, तें आज आपणांस सांगतों.

पूर्वींच्या पाणबुड्याला असें सामान लागत नसे. लंडनमध्यें स्थायिक झालेल्या ऑगस्टस सीबी या जर्मन कारागिरानें १८३७ च्या सुमारास धातूचें शिरस्त्राण आणि त्यास जोडलेला, पाणी आंत न शिरूं देणारा पोशाख तयार केला. १७८२ सालीं बुडालेल्या ‘रॉयल जॉर्ज’ या युद्धनौकेचे अवशेष काढण्याचें काम कर्नल पॅस्ली यांनीं १८३९ मध्यें हातीं घेतलें, तेव्हां ह्या पोशाखाची खरी परीक्षा झाली. पाणबुड्याला हवा वरून नळीनें मिळे आणि त्याच्या अंगास एक दोरी बांधलेली असे. तिचें दुसरें टोंक होडीवरच्या माणसाच्या हातांत असे. ही दोरी हीच पाणबुड्याची वाणी होती. एक हिसका, दोन हिसके, असे प्रत्येकाचे अर्थ ठरलेले असत. चार हिसके म्हणजे वर येण्याची खूण, ही परिभाषा आरमारी पाणबुड्यांत रूढ झाली. जड पोशाखाचा तो माणूस समुद्राच्या तळाशीं एखाद्या कैद्यासारखा बांधलेला असे, हें खरें. पण तो हरवत मात्र नसे.

ही दोरी तुटली ती १९४३ सालीं. फ्रेंच आरमारांतील अधिकारी झाक कूस्तो आणि अभियंता एमील गान्यां यांनीं असें यंत्र सिद्ध केलें कीं, पाठीवरच्या टाकींतील दाबलेली हवा श्वास घेतांना लागेल तेवढीच तोंडांत यावी. नळी गेली, दोरी गेली, आणि मनुष्य माशासारखा मोकळा झाला. या मोकळेपणाचें कौतुक जगानें पुष्कळ केलें. दोरीबरोबर पाणबुड्याची वाणीही गेली, याचा विचार मात्र सावकाश झाला.

पाणबुड्या खालीं असतांना प्रवाह त्याला नकळत दूर नेतो. तो वर येतो तेव्हां होडी कोठें असते आणि तो कोठें! त्याला होडी दिसते, परंतु होडीवरच्यांना तो दिसत नाहीं. कारण पाण्यावर त्याचें डोकें तेवढें असतें, नारळाएवढें, आणि समुद्र तर लाटांनीं भरलेला. लहानशी लाट मध्यें आली तरी तें झांकून जातें. ओरडावें तर वारा आणि इंजिनाचा आवाज यांत शब्द विरून जातो. जानेवारी १९९८ मध्यें ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एक अमेरिकन दांपत्य पाण्यांत असतांनाच होडी परत गेली. दोन दिवसांनीं त्यांच्या वस्तू होडीवर आढळल्या, तेव्हां कोठें तीं दोघें राहून गेल्याचें लक्षांत आलें. तीं पुढें सांपडलींच नाहींत. कांहीं महिन्यांनीं पाण्याखालीं लिहावयाची एक पाटी मिळाली. तिच्यावर त्यांनीं मदतीची याचना लिहिली होती. मुलांच्या पाट्या तपासण्यांत माझा जन्म गेला. त्या पाटीची हकीकत वाचून मात्र मला पुढील पान उलटवेना.

आतां त्या चार वस्तूंकडे वळूं. त्यांतील एकही पाणबुड्यासाठीं म्हणून जन्मास आलेली नाहीं. प्रत्येक वस्तू दुसऱ्या कोणाची तरी हांक होती.

शिट्टी घ्या. बर्मिंगहॅमच्या जोसेफ हडसन यांची शिट्टी १८८३ सालीं लंडनच्या पोलिसांनीं स्वीकारली, कारण त्यांच्या जुन्या खुळखुळ्याचा आवाज दूर पोंचत नसे. माणसाचा घसा तासाभरांत बसतो, शिट्टी बसत नाहीं. मात्र पंचांच्या जुन्या शिट्टींत एक मणी असतो. तो भिजला किंवा अडकला तर शिट्टी मुकी होते. मणी नसलेली शिट्टी कॅनडाच्या रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांनीं १९८७ मध्यें बाजारांत आणली, तीही खेळाच्या मैदानासाठीं. समुद्रावर अशीच बिनमण्याची शिट्टी न्यावी.

आरशाचा संबंध तर जुन्या मुंबई इलाख्याशीं पोंचतो. इराणी आखाताच्या तारखात्यांत असलेले हेन्री मान्स यांनीं कराचीस १८६९ मध्यें सूर्यप्रकाशाच्या झोतानें संदेश धाडण्याचें यंत्र तयार केलें, आणि दुसऱ्या अफगाण युद्धांत तें डोंगरांतून उपयोगी पडलें. दुसऱ्या महायुद्धांत वैमानिकांना जे लहान आरसे दिले गेले, त्यांच्या मध्यभागीं नेम धरण्यासाठीं छिद्र किंवा फुली ठेवलेली होती. स्वच्छ उन्हांत असा कवडसा कित्येक मैलांवरून दिसतो. मात्र ढगाळ दिवशीं आणि रात्रीं आरसा निरुपयोगी ठरतो.

रात्रींसाठीं म्हणून दिवा. त्याची पूर्वज म्हणजे चंद्रज्योत. अमेरिकेंत मार्था कॉस्टन या विधवेनें पतीच्या अपुऱ्या टिपणांवरून वर्षानुवर्षें खटपट करून रंगीत ज्योतींची संकेतपद्धति पूर्ण केली आणि १८५९ मध्यें तिचा हक्क मिळविला. त्या दस्तऐवजावर संशोधक म्हणून नांव मात्र पतीचेंच राहिलें. आजचा पाणबुड्या दारू बाळगीत नाहीं; तो लुकलुकणारा विजेचा दिवा नेतो.

नारिंगी पिशवी ही सर्वांत साधी. हवा भरतांच ती पुरुषभर उंच नळकांड्यासारखी पाण्यावर उभी राहते, आणि जें नारळाएवढें होतें तें खांबाएवढें दिसूं लागतें. दोरीची गुंडाळी जोडून ती खालूनच वर सोडतां येते. म्हणजे पाणबुड्या वर येण्यापूर्वींच त्याची जागा होडीला कळते. जुन्या दोरीचें हें नवें रूपच म्हणावयाचें.

पांचवी वस्तू नातीच्या पिशवींत नव्हती. ती म्हणजे बिनतारी यंत्र. १९०९ मध्यें ‘रिपब्लिक’ बोटीची टक्कर झाली, तेव्हां बिनतारी हांकेमुळें पंधराशेंवर माणसें वांचलीं. उलट आपल्या दाराशीं, १७ जुलै १९४७ रोजीं, मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली. तिच्यावर बिनतारी यंत्र नव्हतें. ती बुडाली सकाळीं, आणि वार्ता मुंबईस पोंचेपर्यंत दुपार उलटून गेली. सहाशेंहून अधिक जीव गेले. रेवसच्या कोळ्यांनीं आपल्या होड्यांतून जे वांचविले, ते वांचले. १९८२ पासून संकटाची हांक उपग्रह ऐकूं लागले आहेत. मुठीएवढें यंत्र आपली जागा आकाशाला कळवितें, आणि आपल्याकडे ती बातमी बंगळूरच्या केंद्रांतून तटरक्षक दलाकडे जाते. मात्र अशीं बहुतेक यंत्रें खोल पाण्याचा दाब सोसत नाहींत. तीं दाब सोसणाऱ्या डबींतून न्यावीं लागतात, आणि आपल्या नांवावर आधीं नोंदवावीं लागतात.

मग निवड कशी करावी? एकाच वस्तूवर भिस्त ठेवूं नये, हा पहिला नियम. एक साधन कानासाठीं, एक दिवसाच्या डोळ्यांसाठीं, एक रात्रीच्या डोळ्यांसाठीं असावें. किनारा दूर असेल तर एक उपग्रहासाठींही असावें. दुसरा नियम असा कीं, हीं साधनें अंगावर असावींत. होडींत ठेवलेली शिट्टी होडीबरोबर जाते. तिसरा नियम, तीं एका हातानें, न पाहतां काढतां आलीं पाहिजेत. आणि हा सराव शांत पाण्यांत, भीति नसतांना करावयाचा असतो.

परंतु एवढ्यानें दोरी पुरी होत नाहीं, कारण दोरीला दोन टोंकें असतात. १९१२ सालीं ‘टायटॅनिक’वरून सोडलेले बाण ‘कॅलिफोर्नियन’ बोटीवरून दिसले होते. तिच्यावर बिनतारी यंत्रही होतें, पण तें चालविणारा निजला होता. हांक मारणाऱ्यानें आपलें काम केलें. ऐकणाऱ्याचें टोंक सैल पडलें. म्हणून होडीवरच्या माणसानें पाण्यांत उतरलेलीं डोकीं मोजावीं, वर आलेलीं पुन्हां मोजावीं, आणि हिशेब जुळल्यावांचून नांगर उचलूं नये. शाळेची सहल नेणारा प्रत्येक मास्तर हें करतो. त्याला कोणत्याही यंत्राची गरज नसते.

नात परत आली, तेव्हां शिट्टी वाजविण्याची वेळ आली नाहीं असें तिनें हंसत सांगितलें. मीं तिला एवढेंच विचारलें, “होडीवर तुमची मोजणी कोण करीत होतें?” तिनें त्या माणसाचें नांव तत्काळ सांगितलें. तें ऐकून माझें समाधान झालें.