वार्ताहर आणि लोकमत
सन १८५४ मध्ये क्रिमियाच्या रणभूमीवरून विल्यम हॉवर्ड रसेलने लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्रे धाडली. थंडी, पटकी व सरकारी अनास्था यांनी सैनिक कसे मरतात हे वाचून लोकमत खवळले, आणि जानेवारी १८५५ मध्ये ॲबर्डीनचे मंत्रिमंडळ कोसळले. हाच रसेल मार्च १८५८ मध्ये लखनौच्या वेढ्यात होता. एतद्देशीयांवर चाललेल्या सूडाचा त्याने धिक्कार केला. पण त्यापायी कोणतेही मंत्रिमंडळ पडले नाही. कानपुरच्या कत्तलीच्या खऱ्याखोट्या वार्तांनी इंग्लंडची मने आधीच पेटलेली होती. लेखणी तीच, वाचकही तेच. मरणारे मात्र परके होते. दूरच्या युद्धाची वार्ता वाचताना आम्हीही आपणांस विचारले पाहिजे : आमचे डोळे कोणासाठी पाणावतात?