आर्चबिशपांची कॉफी

कॉफी उकळावी की गाळावी? प्रश्न स्वयंपाकघरातला खरा. परंतु युरोपात या प्रश्नावर शास्त्रज्ञांनी निबंध लिहिले, राजांनी हुकूमनामे काढले आणि त्याच्या एका उत्तराला तर पॅरिसच्या आर्चबिशपांचे नाव चिकटले. ते आर्चबिशप म्हणजे जाँ-बाप्तिस्त द बेलॉय.

युरोपने कॉफी घेतली ती तुर्कांकडून, आणि तिच्याबरोबर तिची रीतही घेतली. बारीक कुटलेली पूड लांब दांड्याच्या भांड्यात घालून उकळायची, चोथा तळाशी बसला की वरचे प्यायचे. या ‘मुसलमानी’ पेयाला पोप आठवे क्लेमेंट यांनी आशीर्वाद दिला, अशी एक गोड कथा आपल्या मंडळींत मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. तिला समकालीन कागदपत्रांचा आधार नाही, म्हणून आम्ही ती बाजूला ठेवतो. द बेलॉय यांची गोष्ट अधिक भरीव आहे.

१७०९ साली जन्मलेले हे धर्माधिकारी १७५५ मध्ये मार्सेयचे बिशप झाले. राज्यक्रांतीचे वादळ त्यांनी अंगावर घेतले. १८०१ मध्ये नेपोलियन आणि पोप सातवे पायस यांच्यात करार झाला आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या ९२ व्या वर्षी, ते पॅरिसचे आर्चबिशप झाले. १८०३ मध्ये कार्डिनलपद मिळाले. १८०८ मध्ये देहावसान. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे कॉफीपात्र साधारण १८०० च्या सुमाराचे. एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याच्या तळाला बारीक छिद्रे. वर पूड दाबून बसवायची, तिच्यावर उकळते पाणी हळूहळू ओतायचे आणि खालच्या भांड्यात थेंब थेंब गळणारा अर्क प्यायचा. पूड चुलीवर चढतच नाही. त्याच काळात रुआँचा औषधनिर्माता देक्रवाझील यानेही असेच पात्र घडवले होते, त्यामुळे पहिला मान कोणाचा यावर वाद आहे. विस्कटलेला धर्मप्रांत सावरणाऱ्या नव्वदीतल्या वृद्धाला पत्रे कापायला सवड मिळाली असेल, असे आम्हांला वाटत नाही. मात्र जेवणानंतर स्वच्छ, चोथाविरहित कॉफी हवीशी वाटण्याइतकी सवड सर्वांनाच असते.

या रीतीला नामांकित पुरस्कर्तेही लाभले. काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने १८१२ च्या आपल्या निबंधात उकळण्याला विरोध केला. घरभर दरवळणारा सुवास म्हणजे पेल्यातून उडून गेलेला सुवास, असे त्याचे म्हणणे. कॉफीच्या दरवळाने हुरळून जाणाऱ्यांनी (आम्हीही त्यांतलेच) यावर विचार करावा. ब्रिया-साव्हारँ हा न्यायाधीश आणि खवय्या. १८२५ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अनेक रीती करून पाहिल्यावर त्याने द बेलॉय यांच्याच रीतीला कौल दिला. दळलेल्यापेक्षा खलात कुटलेली पूड सरस, असेही त्याचे मत होते.

या चवींच्या इतिहासात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. फ्रान्सच्या पेल्यातली ही कॉफी पिकत होती कोठे? कॅरिबियन समुद्रातील सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत. १७८० च्या दशकात जगातील सुमारे निम्मी कॉफी एकट्या या भूमीतून येत असे. तेथील गुलामांची संख्या ५ लाखांच्या घरात होती. गोरे ४० हजारांच्याही आत. ऑगस्ट १७९१ मध्ये गुलामांनी उठाव केला. फेब्रुवारी १७९४ मध्ये पॅरिसच्या विधिमंडळाने गुलामगिरी रद्द केली. आणि १८०२ मध्ये, द बेलॉय आर्चबिशप झाले त्याच वर्षी, नेपोलियनने ती कायद्याने पुन्हा आणली. उठावाचा नेता तूसाँ लुव्हेर्त्यूर याला कैद करून फ्रान्सच्या थंडगार डोंगरातील किल्ल्यात डांबण्यात आले. एप्रिल १८०३ मध्ये तो तेथेच मरण पावला. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. पण ज्या १८२५ साली ब्रिया-साव्हारँ आपली कॉफी वाखाणत होता, त्याच वर्षी फ्रान्सच्या राजाने युद्धनौका पाठवून हैतीकडून १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. ‘गमावलेल्या मालमत्ते’ची ती भरपाई होती, आणि त्या मालमत्तेत माणसेही आली. पुढे ही रक्कम ९ कोटींवर आणली गेली. तरी तिच्यासाठी काढलेल्या कर्जांचा शेवटचा हप्ता फिटायला १९४७ साल उजाडले. ते फेडताना हैतीचा मुख्य आधार होता कॉफीच्या निर्यातीवरील कर.

प्रशियात तऱ्हा वेगळी. परदेशी कॉफीवर पैसा जातो म्हणून राजा दुसरा फ्रेडरिक याने १७८१ मध्ये घरी बिया भाजायला बंदी केली. निवृत्त सैनिक गल्लोगल्ली हुंगत फिरत आणि भाजल्याचा वास येईल ते घर पकडत. सरदार, अधिकारी आणि धर्मगुरू यांना मात्र भाजण्याचे परवाने होते! गरिबांच्या वाट्याला चिकरी आणि भाजलेले जव. राजाच्या मृत्यूनंतर हा कारभार लवकरच गुंडाळला गेला.

पुढची सुधारणा एका गृहिणीची. ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्स यांना कॉफीतला चोथा आणि कडवटपणा खटकत असे. त्यांनी पितळी भांड्याला छिद्रे पाडली, मुलाच्या वहीतला टीपकागद आत घातला आणि १९०८ मध्ये या युक्तीची सरकारी नोंदणी केली. कागदाचा आणखी एक गुण पुढे उघड झाला. उकळलेल्या, न गाळलेल्या कॉफीतील तैलद्रव्ये रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवतात, आणि कागद ती बहुतांशी अडवून धरतो. इटलीत १९३३ पासून आल्फोन्सो बियालेत्ती यांचे अष्टकोनी ‘मोका’ पात्र घरोघर पोहोचले. त्यात वाफेच्या दाबाने पाणी पुडीतून वर चढते. त्यांचे चिरंजीव रेनातो २०१६ मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांची रक्षा अशाच एका मोठ्या मोका पात्रात ठेवून अंत्यविधी झाला. आमच्या धर्मग्रामात कोणी अशी विनंती केली तर काय उत्तर द्यावे, हे आम्ही अद्याप ठरवलेले नाही.

आपल्या देशात बाबा बुदन या सूफी संताने सतराव्या शतकात येमेनहून सात बिया चिकमगळूरच्या डोंगरात आणल्याची परंपरा आहे. दक्षिणेतला पितळी फिल्टर पाहावा तर तत्त्व द बेलॉय यांचेच: दोन भांडी, मध्ये छिद्रे, वर गरम पाणी. मराठी घरांनी मात्र उकळण्याची बाजू सोडली नाही. दुधात कॉफी, साखर आणि वर किसलेले जायफळ. ही कॉफी पाहुण्याला झोप आणते की जाग, हे जायफळाच्या प्रमाणावर अवलंबून. सेमिनरीत आम्हांला जी मिळे, तिच्यात कॉफी कोणती आणि चिकरी कोणती हे ठरवणे ईशज्ञानशास्त्रापेक्षा अवघड होते. आता आम्ही रात्री फिल्टर भरून ठेवतो. सकाळची मिस्सा आटोपून येईपर्यंत खालचे भांडे भरलेले असते. त्यात थोडे गरम दूध घालतो, साखर नाही.