धारच्या वाटेवरचे मैल

दिल्लीच्या सुलतानाचा वकील म्हणून इब्न बतूता १३४२ मध्ये चीनकडे निघाला. ग्वाल्हेर, चंदेरी करत तो माळव्यात उतरला आणि धारला पोचला. या मोरोक्कन प्रवाशाने धारच्या रस्त्याबद्दल लिहून ठेवलेला मजकूर आजच्या कुठल्याही मॅरेथॉनवाल्याला ओळखीचा वाटेल. दिल्लीपासून धार चोवीस दिवसांवर, आणि सगळ्या वाटेवर खांब, त्यांवर मैलांचे आकडे कोरलेले. आज किती अंतर कापलं आणि मुक्काम अजून किती लांब आहे, हे खांब वाचला की कळायचं.

घोड्याच्या टपालापेक्षा पायी टपाल जास्त वेगवान असतं, असंही त्याने नोंदवलं आहे. मैलाच्या दर तिसऱ्या हिश्शावर एक चौकी असे आणि तिथे माणसं कमर कसून बसलेली असत. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र, दुसऱ्या हातात दोन हात लांबीची काठी, तिच्या टोकाला तांब्याच्या घंटा. घंटांचा आवाज कानावर आला की पुढच्या चौकीतला माणूस उठून तयार राही. खुरासानची फळं सुलतानाच्या ताटात याच पायांनी पडत, आणि सुलतान दौलताबादेत असला तर गंगेचं पाणीही असंच जाई.

घुंगरांची ही काठी पुढे चारशे-पाचशे वर्षं टिकली. कंपनी सरकारच्या काळातल्या डाकवाल्याकडेही घुंगरू बांधलेला भाला असे. रात्रीच्या टप्प्याला मशालजी आणि डुगडुगीवाला सोबत असत, कारण वाट जंगलातून जाई. जनावरं आणि सर्प बाजूला व्हावेत, पुढच्या टप्प्यावर खबर पोचावी, हा घुंगरांचा हेतू. पण मैलामागून मैल त्याच आवाजात पळणाऱ्याचं पाऊल तालात पडत असणार, हे सांगायला संगीतज्ञ नको. आज कानात इअरफोन घालून पळणारा माणूस गाण्याकडून हेच काम करून घेतो. फरक इतकाच, की त्याचं गाणं वाघाला ऐकू जात नाही.

अठराव्या शतकात माळवा मराठ्यांकडे आला. धार आणि देवास इथे पवारांच्या गाद्या बसल्या. देवासला तर दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी धारजवळच्या आमझेऱ्याला चिमाजी आप्पांच्या फौजेने माळव्याचा सुभेदार गिरिधर बहादूर याचा पाडाव केला. अशा मोहिमांच्या बातम्या इकडून तिकडे जायच्या त्या जासुदांच्या आणि कासिदांच्या पायांवर. पत्र बहुधा जोडीने पाठवत. वाटेत एक आजारी पडला किंवा मारला गेला तरी दुसऱ्याने मजकूर पोचवावा. या कामाच्या मजुरीला अजुरा म्हणत.

वाटही सोपी नव्हती. देवास, इंदूर, महूपर्यंत माळव्याचं पठार बऱ्यापैकी सपाट आहे. त्यापुढे घाट उतरून निमाडात जायचं म्हणजे सुमारे चारशे मीटरची उतरण, आणि खाली खलघाट किंवा महेश्वरला नर्मदा. दम चढताना लागतो, पण मांड्या आणि गुडघे मोडतात उतारावर, हे घाटातून पळालेल्या कुणालाही विचारावं. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पायाला किलोकिलोने चिकटे. डांबरी सडकेवर पळणाऱ्यांना ही कसरत ठाऊक नाही.

एकोणिसाव्या शतकात राज्यांच्या खलित्यांबरोबर बाजारभावही पळू लागले. माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जाई, आणि तिच्या भावावर सट्टा चाले. मुंबईचा भाव इतरांच्या आधी कळला तर सावकाराची चांदी. म्हणून व्यापारी स्वतःचे कासीद ठेवत. पुढे तार आली, रेल्वे आली, आणि ही धाव संपत गेली. धारला मात्र विसावं शतक सरेपर्यंत रेल्वे आली नाही. १८९७ मध्ये धार संस्थानाने स्वतःची टपाल तिकिटं काढली, साधी छपाई आणि वर हाताने मारलेला लंबगोल काळा शिक्का. चारेक वर्षांत, १९०१ मध्ये, संस्थानाचं हे टपाल बंद झालं.

याच सुमारास जगात पळण्याचा दुसरा प्रकार रुजत होता, हौसेचा. इंग्लंडमधल्या अ‍ॅमेच्युअर अ‍ॅथलेटिक क्लबने १८६०च्या दशकात कारागीर आणि मजूर यांना स्पर्धेतून वगळलं होतं. अंगमेहनतीवर पोट भरणारा माणूस हौशी कसा, हा त्यांचा सवाल. १८८० मध्ये ही अट गेली, पण पैशासाठी पळणारा बाहेर, हा नियम कायम राहिला; १९३२ च्या ऑलिंपिकला खुद्द नामांकित धावपटू पावो नुर्मी त्यापायी मुकला. गंमत अशी, की मॅरेथॉन ही शर्यत ज्याच्या आख्यायिकेवरून सुरू झाली तो ग्रीक फिडिपिडीझ धंद्याने निरोप्या होता, म्हणजे आपला जासूदच.

भारतात ही हौस अवतरली तीही शेतात राबणाऱ्या पोरांच्या पायांनी. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडामेळाव्यात १९१९ मध्ये सर दोराबजी टाटांनी अनवाणी पळणारी खेड्यातली मुलं पाहिली. ना त्यांना नियम माहीत, ना शास्त्रोक्त सराव, खाणंही बेताचंच. तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या होत्या. टाटांनी पदरचा पैसा घातला, आणि १९२० मध्ये अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारताचा संघ गेला. मॅरेथॉनमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार उतरले. ती शर्यत ४२.७५ किलोमीटरची होती, ऑलिंपिकच्या इतिहासातली सर्वांत लांब मॅरेथॉन. दातारांना ती पुरी करता आली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. पहिला आलेला फिनलंडचा हान्नेस कोलेमाइनेन त्यांच्यापुढे अठरा मिनिटं होता.

शहरी मध्यमवर्गाने ही हौस उचलायला आणखी साठ वर्षं लागली. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये सुरू झाली, मुंबईची २००४ मध्ये. आता डॉक्टर, बँकवाले, निवृत्त मास्तर प्रवेश फी भरून पळतात. जासुदाला पळण्याचे पैसे मिळत. हे लोक पळण्यासाठी पैसे मोजतात.

माळव्यातल्या गावोगावच्या पोरांची गोष्ट या दोन्हींच्या मधली आहे. ती पहाटे सडकेवर पळतात ती भरतीसाठी. मध्य प्रदेश पोलिसात शिपाई व्हायचं तर ८०० मीटर २ मिनिटं ४५ सेकंदांत, शिवाय लांब उडी आणि गोळाफेक. सैन्यात १.६ किलोमीटर, साडेपाच मिनिटांच्या आत आलं तर पूर्ण गुण. त्यांच्या दुखण्याचंही एक ठरलेलं ठिकाण आहे, ते म्हणजे नडगी. पातळ तळाचे बूट, कडक डांबर आणि जाहिरात निघाल्यावर एकदम वाढवलेला सराव, यांतून नडगीच्या आतल्या कडेला कळ सुरू होते, आणि दुर्लक्ष केलं तर हाडाला बारीक चीर जाते. उपाय साधा असतो, काही आठवडे विश्रांती. हौशी माणूस ती घेतो आणि पुढच्या वर्षीची मॅरेथॉन पळतो. भरतीला मात्र वयाची अट असते, म्हणून हा पोरगा नडगीला पट्टी गुंडाळतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वेळ लावायला उभा राहतो.