मिनी ट्रॅक्टरचा सेल्फ ढिला झाल्यास: तपासणी आणि दुरुस्ती

पंढरपूर तालुक्यात कासेगाव परिसरातील द्राक्षबागा असोत की शेजारच्या सांगोल्यातील डाळिंब, फवारणीचा सगळा भार आता १५ ते ३० एचपीच्या मिनी ट्रॅक्टरवर आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा ते फुलोरा या काळात रात्री पाऊस झाला, तर डाऊनीसाठी सकाळीच ब्लोअर बागेत फिरावा लागतो. नेमके त्याच वेळी चावी फिरवल्यावर नुसता 'कर्रर्र' आवाज येतो आणि इंजिन फिरत नाही. ओल्या काळ्या रानात ट्रॅक्टर ढकलून चालू करणे जवळजवळ अशक्य. त्यात कार्तिकीचा आठवडा असेल, तर गर्दीमुळे पंढरपुरातून मेकॅनिक बांधावर यायलाही वेळ लागतो.

अशा वेळी बहुतेक जण आधी बॅटरी बदलतात. अनेकदा दोष बॅटरीत नसतो, सेल्फ धरून ठेवणारे दोन-तीन बोल्ट ढिले झालेले असतात.

बोल्ट ढिला झाल्यावर काय होते?

सेल्फ फ्लायव्हील हाऊसिंगवर बसवलेला असतो. चावी फिरवली की सोलेनॉइड आतील पिनियन पुढे ढकलतो, ते फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये अडकते आणि मगच मोटर जोरात फिरते. पिनियनचे दात आणि रिंगचे दात यांच्यात ठराविक फट असावी लागते. एक बोल्ट जरी सुटला, तरी जोर येताच सेल्फ तिरका होतो, दात पूर्ण बसत नाहीत आणि टोकाशी घासतात.

दुसरे कारण कमी लोकांच्या लक्षात येते. सेल्फला बॅटरीची जाड केबल एकच येते. अर्थिंग बहुतेक ट्रॅक्टरमध्ये सेल्फच्या बॉडीतूनच इंजिनला मिळते. सेल्फ मारताना या जोडातून १०० अँपिअरपेक्षा जास्त करंट जातो. बॉडी ढिली, गंजलेली किंवा मध्ये रंगाचा थर असेल, तर अर्थिंग कमी पडते. मग भरलेली बॅटरीही उतरल्यासारखी वागते, सेल्फ जड फिरतो किंवा फक्त 'टक' आवाज करून थांबतो.

एक सिलिंडरच्या इंजिनाचे आणि पॉवर टिलरचे हादरे जास्त असल्याने तिथे हा दोष लवकर दिसतो. ब्लोअर तासन्‌तास पीटीओवर चालवणाऱ्यांनीही इकडे लक्ष ठेवावे.

आधी खात्री करा

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल करा, चाकाला दगड लावा. चावी काढून सेल्फ दोन्ही हातांनी धरून हलवून पाहा. घट्ट बसलेला सेल्फ तसूभरही हलत नाही. जोडाच्या कडेला ताजी चमकदार घासण किंवा लालसर गंजाची भुकटी दिसली, तर तो बरेच दिवस हलतो आहे.

मल्टिमीटर असेल तर काम सोपे होते. उभ्या ट्रॅक्टरची भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. आता इंजिन चालू होऊ नये म्हणून स्टॉप नॉब ओढून ठेवा. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि दुसरी सेल्फच्या बॉडीवर धरा आणि दुसऱ्याला ट्रॅक्टरच्या सीटवर बसून सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.३ व्होल्टच्या आत असावा. ०.५ च्या वर गेला, तर अर्थिंगच्या वाटेत दोष आहे. अर्थिंग ठीक आहे, पण सेल्फ मारताना बॅटरीच्याच दोन टोकांवर ९.६ पेक्षा कमी व्होल्ट दिसत असतील, तर मात्र आधी बॅटरी तपासून घ्या.

सोलेनॉइडच्या दोन बोल्टवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून सेल्फ मारण्याची सवय अनेकांना आहे. ती सोडा. अशाने न्यूट्रल सेफ्टी स्विच वगळला जातो, ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर जागीच उडी घेतो आणि तुम्ही मागच्या चाकापुढे उभे असता. यात माणसे दगावली आहेत.

दुरुस्ती

पहिले काम बॅटरीची निगेटिव्ह केबल काढणे. सेल्फवरच्या जाड केबलला फ्यूज नसतो. पाना त्या बोल्टला आणि चासीला एकदम लागला, तर ठिणगी उडून पाना चिकटतो आणि हात भाजतो.

दात अजून नीट असतील आणि बोल्ट नुकताच ढिला झाला असेल, तर नुसता आवळून भागेल असे वाटते. तरीही सेल्फ एकदा खाली काढाच, कारण हलत राहिलेल्या जोडात भुकटी साचलेली असते. वायरींची जागा लक्षात राहावी म्हणून मोबाईलवर फोटो काढा. शेवटचा बोल्ट सोडताना सेल्फला खालून हात द्या, तो दिसतो त्यापेक्षा जड असतो. मध्ये पातळ पत्र्याची शिम निघाली तर जपून ठेवा आणि बसवताना तशीच घाला.

आता तीन गोष्टी पाहा. सेल्फचा कान तडकला आहे का? तडा असेल तर कान वेल्डिंग करून वापरण्यापेक्षा पुढचे हाऊसिंग बदलणे बरे, कारण वेल्डिंगमध्ये कान थोडा जरी वाकला तरी दातांची फट बिघडते. पिनियन हाताने एका दिशेला मोकळे फिरते आणि दुसऱ्या दिशेला अडते का? दोन्हीकडे मोकळे फिरत असेल, तर त्याचा वन-वे क्लच गेला आहे. तिसरे म्हणजे हाऊसिंगच्या भोकातून टॉर्च मारून रिंगचे दात पाहा.

रिंग पाहताना पुलीच्या नटवर पाना लावून इंजिन हळूहळू पूर्ण फिरवावे. इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनमुळे दर वेळी ठराविक जागीच थांबते. एक सिलिंडरचे साधारण एका जागी, तीन सिलिंडरचे तीन जागी. म्हणून दातही तिथलेच झिजतात. बंद पडलेले इंजिन पुलीने थोडे फिरवल्यावर सेल्फ लागत असेल, तर हाच दोष समजा. रिंग बदलायला ट्रॅक्टर क्लचपाशी सोडवावा लागतो आणि नवी रिंग तापवून बसवावी लागते. हे काम वर्कशॉपचेच.

दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने चकचकीत करा. जोडाच्या जागी रंग किंवा ग्रीस नको. बोल्ट ८.८ खुणेचा आणि मूळ लांबीचाच घ्या. गावातल्या दुकानात मिळाला म्हणून लांब बोल्ट घातला, तर तो भोकाच्या तळाला टेकतो. हाताला घट्ट लागतो, पण सेल्फ ढिलाच राहतो. नवीन स्प्रिंग वॉशर आणि आट्यांवर मध्यम ताकदीच्या निळ्या थ्रेड लॉकरचा एक थेंब पुरे.

सगळे बोल्ट आधी हाताने आटे धरून बसवा, मग आळीपाळीने आवळा. किती आवळायचे ते ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते. पुस्तिका नसेल आणि हाऊसिंग ओतीव लोखंडाचे असेल, तर १० एमएमच्या बोल्टला साधारण ४५ न्यूटन-मीटर धरावे. ॲल्युमिनियमच्या हाऊसिंगला एवढा जोर देऊ नका. पान्याला पाइप लावून आवळू नये, आटेच निघून येतात.

आटे आधीच गेले असतील, तर लेथवाल्याकडून हेलिकॉइल बसवून घ्या. मूळ मापाचाच बोल्ट चालतो. भोक मोठे करून जाड बोल्ट घालण्याचा उपाय सर्रास केला जातो, पण सेल्फच्या कानाचे भोकही मोठे करावे लागते आणि तो कमजोर होतो.

केबली जोडून निगेटिव्ह सर्वांत शेवटी लावा. सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. ८ ते १० तास काम झाल्यावर इंजिन थंड असताना बोल्ट पुन्हा पान्याने तपासा. त्यानंतर खरड छाटणी आणि ऑक्टोबर छाटणी अशी वर्षातून दोनदा तपासणी पुरते. ट्रॅक्टर धुताना प्रेशर वॉशरचा फवारा सेल्फवर थेट मारू नये.