धुराची चव किती महिने टिकते?

जुन्या इंग्लंडमधली सगळी बिअर धुरकट लागायची, असं बिअरच्या इतिहासावर लिहिणारे लोक इतक्या सहजपणे सांगून टाकतात की वाचताना आपण अडखळतही नाही. मागचा तर्क सरळ आहे. बार्ली भिजवून तिला मोड आणायचे आणि ते भट्टीवर वाळवायचे, की माल्ट तयार. भट्टीत लाकूड जळायचं, धूर धान्याच्या थरातून वर जायचा. मग माल्ट धुरकट आणि बिअरही धुरकट. झालं!

संशोधनाची तयारी करत असाल तर अशा तर्काकडे जरा संशयानेच बघा. त्याची प्रत्येक पायरी शक्य कोटीतली आहे, पण पिणाऱ्याच्या तोंडाला काय लागत होतं हे त्यात कुठेच आलेलं नाही. मुळात चव हा इतिहासाचा विषय म्हणून अवघड आहे. बिअर प्यायली जाते, पिंप धुतलं जातं, उरतो तो कुणीतरी लिहून ठेवलेला शेरा. म्हणून शेऱ्यांपासूनच सुरुवात करू.

विल्यम हॅरिसन हा एसेक्समधल्या रॅडविंटर गावचा धर्मगुरू. त्याने केलेलं इंग्लंडचं वर्णन १५७७ मध्ये पहिल्यांदा छापलं गेलं आणि १५८७ मध्ये वाढवून पुन्हा निघालं. माल्ट कुठे नुसत्या काडावर वाळवतात, कुठे लाकडावर, कुठे दोन्हीवर, हे तो सांगतो आणि काडावरचं सगळ्यांत उत्तम असा निर्वाळा देतो. लाकडावरच्या माल्टची बिअर रंगाने गडद होते आणि तिच्या धुरामुळे, सवय नसलेल्या माणसाचं डोकं धरतं, असं त्याचं म्हणणं. म्हणजे सोळाव्या शतकातच चुलीत काय जाळायचं याला पर्याय होते आणि लोकांच्या त्यात आवडीनिवडीही होत्या. ‘सगळी बिअर धुरकट’ हे विधान इथेच लंगडं पडतं.

पण मला त्याहून महत्त्वाचे वाटतात ते ‘सवय नसलेल्या’ हे शब्द. हॅरिसन नकळत सांगून जातो की अशा बिअरची सवय असलेली माणसंही आसपास होती. चुलीवर धुरकटलेलं दूध पाहुण्याला पहिल्या घोटात कळतं आणि घरच्यांना कळतही नाही, तसाच हा प्रकार. त्यामुळे एखाद्या प्रदेशातल्या कागदपत्रांत धुराचा उल्लेख नाही, याचा अर्थ तिथे धूर नव्हता असा घेता येत नाही. तिथे सगळ्यांना त्याची सवय होती, असाही त्याचा अर्थ निघू शकतो.

आता दीडशे वर्षं पुढे येऊ. १७३० च्या दशकात ‘द लंडन अँड कंट्री ब्रूअर’ नावाचं पुस्तक निघालं. त्यावर लेखकाचं नाव नाही. तपकिरी माल्टबद्दल लिहिताना त्यात एक लांबलचक वाक्य येतं, आणि या विषयावर मी वाचलेलं हे सर्वांत कामाचं वाक्य आहे. त्याचा आशय असा: माल्ट काडावर, लाकडावर आणि नेच्यावर वाळवतात. काडावरचं सगळ्यांत चांगलं. लाकडावरच्याची चव इतकी विचित्र की नाइलाज असलेले गरीब आणि त्या धुराची सवय झालेले सोडले तर फार थोड्यांना ती सोसवते. तरी पश्चिम इंग्लंडमध्ये ते बरंच वापरतात. आणि लंडनमध्येही पूर्वी त्याचे हजारो क्वार्टर पिंपात मुरवायच्या बिअरसाठी वापरले गेले, कारण काडावरच्या माल्टपेक्षा ते क्वार्टरमागे दोन शिलिंगांनी स्वस्त पडायचं. काही ब्रूअर त्या वाईट चवीची फिकीर करत नसत, कारण नऊ ते बारा महिन्यांत बिअरच्या वयाने आणि टिकण्यासाठी घातलेल्या भरपूर हॉप्सच्या जोराने ती चव निघून जायची.

हा मजकूर दोनदा वाचा. पहिल्या वाचनात हाताला लागते ती धुराबद्दलची नापसंती. दुसऱ्या वाचनात लागतो एक धंद्याचा हिशोब. क्वार्टर हे धान्य मापायचं माप, आठ बुशेलचं. एका मापामागे दोन शिलिंग फार वाटत नाहीत, पण हजारो क्वार्टर खरेदी करणाऱ्याला ती मोठी रक्कम आहे. त्या बचतीच्या बदल्यात ब्रूअरला वर्षभर थांबावं लागतं. पिंपं अडकतात, तळघर अडकतं, भांडवल अडकतं. ज्या बट नावाच्या पिंपात ही बिअर मुरायची ते १०८ गॅलनचं, म्हणजे आजच्या हिशोबाने जवळपास ५०० लिटरचं. अशी शंभर पिंपं वर्षभर नुसती पडून ठेवणं प्रत्येकाला परवडणारं नव्हतं.

म्हणजे ‘ही बिअर धुरकट होती का’ हा प्रश्नच अर्धा आहे. कितव्या महिन्यात, असं पुढे विचारावं लागतं. शिवाय कुणाला धुरकट लागली, हेही. तेच माल्ट घेऊन पैसेवाल्या ब्रूअरने मुरवलेली बिअर वर्षाने चांगली म्हणून खपली असेल, आणि हातातोंडाशी गाठ असलेल्याने ताजी विकलेली बिअर धुराने भरलेली असेल. हॅरिसनकडे याला दुजोरा मिळतो. सरदारांच्या घरी जेवणाला लागणारी, मार्चमध्ये केलेली बिअर साधारण वर्षाची, कधी दोन वर्षांचीही असते, असं तो लिहितो, आणि हे सर्रास नाही हेही लगेच नोंदवतो. वेळ विकत घेता येत होता आणि तो घेणारे ठरावीक लोक होते. पुस्तकातल्या त्या ‘नाइलाज असलेल्या’ लोकांनी स्वतः काहीच लिहून ठेवलेलं नाही. त्यांच्या जिभेची साक्ष आपल्यापर्यंत पोचते ती ती बिअर न सोसवणाऱ्या माणसाच्या लेखणीतून. अशा नोंदीतून गरिबांची ‘आवड’ काढायला गेलात तर फसाल. आवड, सवय आणि नाइलाज हे तिन्ही बाहेरून सारखेच दिसतात.

शब्दांचाही एक सापळा आहे. आज आपण एल आणि लागर हा फरक यीस्टवरून करतो. १७३० मध्ये एल म्हणजे कमी हॉप्सची आणि बिअर म्हणजे जास्त हॉप्सची. वरची पिंपातली बिअर आजच्या भाषेत कडक, धुरकट एल ठरेल, पण त्या लेखकाने तिला एल म्हटलं नसतं. उलट जर्मनीतल्या बाम्बेर्गची प्रसिद्ध धुरकट बिअर बीचच्या लाकडावर वाळवलेल्या माल्टची असली तरी मुख्यतः लागर आहे. तिच्या चवीवरून लंडनच्या पिंपाबद्दल थेट निष्कर्ष काढू नका.

मग हे आज तपासून बघता येईल का? काही प्रमाणात येतं. अलास्कातल्या जुनो शहरातली एक ब्रूअरी १९८८ पासून स्मोक्ड पोर्टर करते. माल्टला आल्डरच्या लाकडाचा धूर देतात, अल्कोहोल ६.५ टक्के, बाटलीवर वर्ष छापलेलं. हौशी लोक वेगवेगळ्या वर्षांच्या बाटल्या जपून ठेवतात आणि एका बैठकीत ओळीने चाखतात. ताज्या बाटलीत धूर आधी नाकाला येतो, शेकोटीसारखा, भाजलेल्या मांसासारखा. काही वर्षं मुरलेल्या बाटलीत मनुका, खजूर, शेरीसारखा वास पुढे येतो आणि धूर त्यात मिसळून जातो. त्या अठराव्या शतकातल्या वाक्याशी हे बऱ्यापैकी जुळतं.

पण इथे संशोधक म्हणून जरा थांबा. २०१५ ची, २०१८ ची आणि या वर्षीची बाटली शेजारी ठेवली तर तुम्ही फक्त वयाची तुलना करत नाही. तीन वेगळ्या वेळी झालेल्या तीन वेगळ्या बिअर आहेत त्या. लोकसंख्येचा अभ्यास करणारे हीच अडचण वय आणि पिढी यांच्या गुंत्याबद्दल सांगतात. फक्त वय तपासायचं तर एकाच घाण्याच्या डझनभर बाटल्या थंड, अंधाऱ्या जागी ठेवून दर तीन महिन्यांनी एक उघडा. चाखणाऱ्याला कितवा महिना ते सांगू नका. फार गार करू नका, नाहीतर वास दबतो. वास घेताना काय आलं आणि गिळल्यावर काय उरलं, हे वेगवेगळं लिहा. एवढं करूनही हॅरिसनची अडचण शिल्लक राहतेच. बाराव्या महिन्यापर्यंत तुमची जीभच त्या धुराला सरावलेली असते. बिअर बदलली की तुम्ही? म्हणून प्रत्येक वेळी एक नवखा माणूस सोबत हवा.

रसायनशास्त्र इथे मदत करतं, आणि गोंधळातही टाकतं. धुराचा वास मुख्यतः ग्वायाकॉल आणि त्याच्या भाऊबंदांचा. लाकडातलं लिग्निन जळताना ही द्रव्यं तयार होतात. ‘चव निघून गेली’ म्हणजे ती खरंच नष्ट झाली, की आंबटपणा, कडवटपणा आणि इतर वासांखाली झाकली गेली, हे नुसत्या जिभेला सांगता येत नाही. वर आणखी एक गंमत आहे. १९०४ मध्ये कार्ल्सबर्गच्या क्लाउसेन या संशोधकाने इंग्लंडमधल्या मुरवलेल्या बिअरच्या खास चवीमागचं यीस्ट वेगळं करून दाखवलं आणि त्याला ब्रेटानोमायसिस हे नाव दिलं. हे यीस्ट पिंपात सावकाश वाढतं आणि ४-एथिलग्वायाकॉल नावाचं द्रव्य तयार करतं. त्याचा वास? लवंगेसारखा आणि धुरकट! म्हणजे माल्टचा धूर मागे पडत असताना पिंपातच एक दुसरा ‘धूर’ जन्माला येऊ शकतो, तोही लाकडाची एक ढलपी न जाळता. जुन्या वर्णनात ‘धुरकट’ हा शब्द दिसला की तो भट्टीचा की पिंपाचा, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

माल्टमधला धूर घालवायचे प्रयत्न तसे जुनेच. धूर न लागता माल्ट वाळवायच्या भट्टीचं पेटंट १६३५ मध्ये निकोलस हॅल्स याने घेतलं. त्याच शतकात डर्बीशायरमध्ये कोकवर माल्ट वाळवू लागले. पुढे १७८४ मध्ये जॉन रिचर्डसनने हायड्रोमीटरने मोजायची रीत छापली आणि तपकिरी माल्टमधून फिक्या माल्टच्या मानाने कमी सत्त्व उतरतं हे आकड्यांत दिसलं. त्यामुळे स्वस्त माल्ट खरंच स्वस्त पडतं का, याचाच हिशोब बदलला. आपल्याकडे चुलीपासून सुटका झाल्यावर ‘चुलीवरचं मटण’ अशा पाट्या लागल्या. तिकडेही धुराला मान मिळाला तो त्याची सक्ती संपल्यावरच. १९८८ ची ती बाटली मुद्दाम धूर देऊन केलेली आहे. १७३० चं पिंप धूर जाण्याची वाट बघत ठेवलेलं होतं.

यावर काम करायचं असेल तर पाककृतींच्या पुस्तकांपेक्षा मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या याद्या आधी काढा. ब्रूअरच्या घरात किती पिंपं भरलेली होती, त्यांतली जुनी किती, ताजी किती आणि प्रत्येकाची किंमत काय लावली, हे त्यांत शोधा. भट्टीशेजारी कसलं सरपण रचलेलं होतं, तेही बघा.