मतप्रस्तावाचे वर्णन
लोकांनी थेट मतदानाने निर्णय द्यावयाच्या कायद्याचा अथवा घटनादुरुस्तीचा आशय सांगणारा, मतपत्रिकेवर किंवा मतदार-पुस्तिकेत छापला जाणारा संक्षिप्त व अधिकृत मजकूर. मूळ मसुदा बहुधा प्रदीर्घ व विधिभाषेत असल्याने अनेक मतदार या मजकुरावरच विसंबतात. साहजिकच तो कोणी लिहावा, हा प्रश्न वादग्रस्त ठरला आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी ऑरेगनने १९०२ मध्ये व कॅलिफोर्नियाने १९११ मध्ये नागरिकांना सह्या गोळा करून कायदा सुचविण्याचा हक्क दिला. कॅलिफोर्नियात प्रस्तावाचे शीर्षक व कमाल १०० शब्दांचा सारांश राज्याचा महान्यायवादी लिहितो. तो स्वतः निवडून आलेला राजकीय पुढारी असतो. १९९६ मध्ये वंश, लिंग इ. आधारांवर शासकीय नोकऱ्या, शिक्षण व कंत्राटे यांत प्राधान्य देण्यास मनाई करणाऱ्या २०९ क्रमांकाच्या प्रस्तावाच्या वर्णनातून रिपब्लिकन महान्यायवादी डॅन लंग्रेन यांनी त्या धोरणाचे रूढ नावच वगळले. उलट २००८ मध्ये समलिंगी विवाहाविरुद्धच्या आठव्या प्रस्तावाला डेमोक्रॅटिक जेरी ब्राउन यांनी ‘हक्क रद्द करणारा’ असे शीर्षक दिले. दोन्ही प्रकरणे न्यायालयात गेली व दोन्ही वेळा अखेर महान्यायवाद्याचे शब्द कायम राहिले. कारण अशा वादांत न्यायालये लेखकाला बरीच मोकळीक देतात.

यावर विविध उपाय योजण्यात आले. कॅलिफोर्नियातील १९७४ च्या कायद्याने निःपक्ष विश्लेषणाचे काम विधिमंडळाच्या विश्लेषकाकडे सोपविले. ऑरेगनमध्ये शीर्षकाच्या मसुद्यावर नागरिकांच्या हरकती मागविल्या जातात आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात दादही मागता येते. तेथील स्पष्टीकरणपर निवेदन पाच जणांची समिती तयार करते : दोन समर्थक, दोन विरोधक व या चौघांनी निवडलेला पाचवा. आयर्लंडने १९९८ मध्ये स्वतंत्र सार्वमत आयोग नेमला. २०२३ मध्ये त्याचे कार्य निवडणूक आयोगाकडे गेले. ब्रिटनमध्ये २००० च्या कायद्याने प्रश्नाची सुबोधता तपासण्याचे काम निवडणूक आयोगाला दिले. ‘होय-नाही’ या उत्तरांमुळे प्रश्न एका बाजूला झुकतो, या त्याच्या २०१५ मधील अभिप्रायावरून २०१६ च्या यूरोपीय संघविषयक सार्वमतात ‘राहावे’ व ‘सोडावे’ असे पर्याय ठेवण्यात आले.

१६ जानेवारी १९६७ रोजीच्या गोव्यातील जनमत कौलात मतदारांपुढे दोन चिन्हे होती : महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी ‘फूल’ व संघराज्य-प्रदेश राहण्यासाठी ‘दोन पाने’. दोन्ही पर्यायांना स्वतंत्र चिन्ह असल्याने कोणताही पक्ष केवळ नकारार्थी ठरला नाही. विलीनीकरणाचा पक्ष ३४,०२१ मतांनी पराभूत झाला.

संपूर्ण तटस्थ लेखक मिळणे दुष्कर होय. म्हणून लेखनाचा अधिकार एकाच सत्ताधाऱ्याकडे न ठेवता दोन्ही पक्षांना मसुदा तपासण्याची संधी देणे आणि मतपत्रिका छापण्यापूर्वी न्यायालयीन निर्णयाची तरतूद करणे, या पद्धती अधिक विश्वासार्ह ठरतात.