दिसणारा धूर आणि न दिसणारी भुकटी

गिरगावातील फणसवाडी आणि परळ-लालबागचे गिरणगाव यांत अंतर जेमतेम दीड कोसाचे. परंतु चौपाटीकडून येणारा खारा वारा गिरगावास ताजा मिळे, आणि गेल्या शतकाच्या आरंभी फणसवाडीतल्या पांढरपेशा बिऱ्हाडांना धूर ठाऊक होता तो मुख्यत्वे स्वतःच्या चुलीचा, तर लालबागच्या चाळकऱ्याच्या वाट्यास चुलीचा आणि धुरांड्याचा असा दुहेरी धूर आला होता. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेव येथील कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढे पन्नास वर्षांच्या आत भायखळ्यापासून परळपर्यंत गिरण्यांची रांग लागली, आणि कोकणातून पोटासाठी आलेला कुणबी भोंग्याच्या आवाजावर उठू-निजू लागला.

वाफेच्या यंत्रांना कोळसा लागे आणि कोळशाचा धूर साऱ्या शहराच्या डोळ्यांत जाई. म्हणून मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१२ साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, त्याच्या अंमलबजावणीस तपासनीस नेमले, आणि भट्टीचा धूर किती दाट असावा यावर निर्बंध घातला. पुढे फेब्रुवारी १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत् केंद्राची वीज गिरण्यांना मिळू लागली आणि कित्येक धुरांडी क्रमाने निवाली. कायद्याचे व विजेचे हे दोन्ही उपाय खरोखरीच हिताचे होते. मात्र दोहोंचे लक्ष होते आकाशाकडे, खात्याच्या आत नव्हे.

आत काय चालले होते? कापसाच्या गासड्या फुटत त्या ब्लोरूममध्ये आणि पुढे कार्डिंग खात्यात रुईची इतकी बारीक भुकटी उडे, की पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या गड्याच्या भुवया, मिशा आणि कानांवरची लव पांढरी झालेली असे. ही भुकटी वर्षानुवर्षे छातीत गेल्याने होणाऱ्या विकारास वैद्यकशास्त्र बिसिनोसिस म्हणते. त्याचे लक्षण मोठे चमत्कारिक: सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, श्वास कोंडतो, आणि आठवडा पुढे सरकतो तसा आराम वाटू लागतो. कालांतराने ही जखडण रोजचीच होते, व शेवटी काम सोडले तरी दम परत येत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने गिरणीकामगारांस १८९० साली रविवारची सुटी मिळाली. तिच्यामुळे विश्रांती लाभली हे खरे, पण व्याधीची खूणही सोमवारच्या सकाळी उघडी पडू लागली. ती ओळखण्यास मात्र कोणी फारसे उत्सुक नव्हते. खोकणाऱ्या मनुष्यास दम्याचा किंवा क्षयाचा रोगी ठरवून गावी धाडणे सर्वांनाच सोयीचे होते, आणि धुरांड्यावर नजर ठेवणाऱ्या तपासनिसाच्या दफ्तरात त्याच्या फुप्फुसासाठी रकानाच नव्हता.

वस्तीच्या आरोग्याचा पद्धतशीर हिशेब पुष्कळ उशिरा, परळच्याच केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. लालबाग, चेंबूर, खार आणि तुलनेसाठी ग्रामीण भाग अशी निवड करून त्यांनी हजारो रहिवाशांची तपासणी केली. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत दूषित भागांत धाप आणि जुनाट खोकला अधिक आढळला. पुढच्याच वर्षी देशास हवेच्या प्रदूषणाविरुद्धचा कायदा मिळाला, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणीकामगारांच्या संपानंतर गिरण्याच एकेक करून बंद पडल्या. परंतु धुराने शहर सोडले नाही, केवळ मुक्काम हलवला: तेलशुद्धीकरण कारखान्यांलगतच्या माहुल येथील रहिवाशांच्या आरोग्यास प्रदूषणापासून धोका असल्याचे २०१५ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने नमूद केले, आणि तरीही त्याच गावी शहरातल्या विस्थापितांना घरे देण्यात आली.

या साऱ्या इतिहासाचे सार इतकेच, की धूर जोवर सर्वांच्या डोळ्यांत जात होता तोवर त्याचा कायदा झाला, आणि तो ज्यांच्या छातीत साठला त्यांची मोजदाद त्यांची उमेद सरल्यावर झाली. तेव्हा हवा शुद्ध झाली की नाही हे आकाश पाहून ठरवू नये. कारखान्याच्या भिंतीला लागून कोण राहतो आणि त्याचा श्वास कोण मोजतो, हे आधी विचारावे.